बंद दरवाजांचा इतिहास : टोरांटो शहरातील आपत्कालीन विभाग (१९९५ ते २००३)

प्रस्तावना

रुग्णालयाच्या बहुतेक विभागांना वेळापत्रक असते. बाह्यरुग्ण विभाग ठरावीक वेळी उघडतो, नियोजित शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरते, तपासण्यांसाठी क्रमांक लावावा लागतो. आपत्कालीन विभाग मात्र या नियमाला अपवाद आहे. सर्वसामान्य माणूस ज्याला ‘कॅज्युअल्टी’ म्हणून ओळखतो तो हा विभाग दिवसरात्र उघडा असतो आणि तेथे येण्यासाठी कोणालाही पूर्वसूचना द्यावी लागत नाही. आधुनिक शहराने आपल्या नागरिकाला दिलेल्या आश्वासनांपैकी हे एक महत्त्वाचे आश्वासन होय. त्यामुळे असा विभाग काही तासांसाठी किंवा काही आठवड्यांसाठी बंद होतो, तेव्हा ती केवळ एका रुग्णालयाची प्रशासकीय अडचण राहत नाही. त्या शहराची संपूर्ण आरोग्यव्यवस्था कोणत्या अवस्थेत आहे, हे त्या बंद दरवाजावरून समजते.

कॅनडातील टोरांटो शहराने अशा बंदचे दोन प्रकार थोड्याच वर्षांच्या अंतराने अनुभवले. पहिला प्रकार गर्दीमुळे घडला. त्याची तीव्रता १९९० च्या दशकाच्या अखेरीस शिगेला पोहोचली. दुसरा प्रकार संसर्गामुळे घडला. तो २००३ मधील सार्सच्या साथीत दिसून आला. या दोन्ही घटनांचा अभ्यास सामान्यतः स्वतंत्रपणे केला जातो. पहिली घटना आरोग्य-अर्थकारणाचा विषय मानली जाते, तर दुसरी साथरोगशास्त्राचा. परंतु दोन्ही प्रकरणांत एकाच रुग्णालयाचे नाव पुढे येते, ही बाब विचार करायला लावणारी आहे. या दोन घटनांतील आंतरिक संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘बंद’ या शब्दाचा अर्थ

कॅनडात १९८४ च्या ‘कॅनडा हेल्थ अॅक्ट’ या कायद्यानुसार रुग्णालयातील आवश्यक उपचारांचा खर्च सार्वजनिक विम्यातून भागविला जातो. त्यामुळे पैसे नाहीत म्हणून रुग्णाला दारातून परत पाठविण्याचा जो प्रश्न शेजारच्या अमेरिकेत निर्माण झाला आणि ज्यासाठी तेथे १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो प्रश्न टोरांटोत त्या स्वरूपात नव्हता. तरीही टोरांटोतील आपत्कालीन विभाग बंद होत होते. म्हणजेच रुग्णाची आर्थिक स्थिती हे येथील बंदचे कारण नव्हते. कारण रुग्णालयाच्या अंतर्गत रचनेत होते. या दृष्टीने टोरांटोचे उदाहरण अधिक उद्बोधक ठरते.

येथे ‘बंद’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. गर्दीच्या काळात विभागाच्या दाराला कुलूप लागत नसे. स्वतःच्या पायांनी किंवा खासगी वाहनाने आलेल्या रुग्णाला प्रवेश मिळत असे. बंद होत असे ते रुग्णवाहिकांसाठी. याच्या दोन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीस ‘रिडायरेक्ट कन्सिडरेशन’ म्हणत. या स्थितीत शक्य असल्यास कमी गंभीर रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात न्यावा, अशी विनंती रुग्णवाहिका नियंत्रण कक्षाला केली जाई. दुसरी पायरी ‘क्रिटिकल केअर बायपास’ ही होती. या स्थितीत गंभीर रुग्ण घेऊन येणाऱ्या रुग्णवाहिकेलाही ते रुग्णालय ओलांडून पुढील रुग्णालयाकडे जावे लागे.

मुळात ही व्यवस्था अपवादात्मक प्रसंगासाठी होती. एखाद्या विभागात एकाच वेळी अनेक अत्यवस्थ रुग्ण आले तर तेथील डॉक्टर व परिचारिकांना थोडा अवकाश मिळावा, एवढाच तिचा हेतू होता. अशी व्यवस्था एका गृहीतकावर उभी असते. एक रुग्णालय भरले असताना शेजारचे रुग्णालय रिकामे असेल, हे ते गृहीतक होय. १९९० च्या दशकात टोरांटोमध्ये हे गृहीतकच ढासळले.

खाटांची घट आणि पुनर्रचना

रुग्णालयांतील खाटा कमी करण्याचे धोरण एका सरकारने अचानक आणले, असे म्हणता येणार नाही. भूलशास्त्र व शस्त्रक्रियेच्या तंत्रातील प्रगतीमुळे पूर्वी आठवडाभर रुग्णालयात राहावे लागणारा रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ लागला होता. त्यामुळे कमी खाटांत अधिक रुग्णांवर उपचार करता येतील, हा विचार अनेक देशांत रूढ होत होता. ऑन्टारियो प्रांतातही खाटांची घट १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच सुरू झाली होती. मात्र १९९५ नंतर या प्रक्रियेला वेग आला. त्या वर्षी केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाने प्रांतांना मिळणाऱ्या निधीत कपात केली. त्याच वर्षी ऑन्टारियोमध्ये माइक हॅरिस यांच्या नेतृत्वाखालील प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे सरकार सत्तेवर आले. नोव्हेंबर १९९५ मध्ये अर्थमंत्री अर्नी ईव्हज यांनी रुग्णालयांच्या अनुदानात तीन वर्षांत सुमारे १.३ अब्ज डॉलरची कपात करण्याची घोषणा केली.

१९९६ मध्ये डंकन सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखाली ‘हेल्थ सर्व्हिसेस रिस्ट्रक्चरिंग कमिशन’ स्थापन झाले. रुग्णालये बंद करण्याचे व त्यांचे एकत्रीकरण करण्याचे आदेश देण्याचा अधिकार या आयोगाला होता. टोरांटोतील अनेक रुग्णालये या प्रक्रियेत बंद झाली किंवा मोठ्या संस्थांत विलीन झाली. शहराच्या मध्यभागातील वेलस्ली रुग्णालयाचा कारभार १९९८ मध्ये सेंट मायकेल्स रुग्णालयाकडे गेला आणि त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपले. पूर्व भागात साल्व्हेशन आर्मीने १९८५ मध्ये सुरू केलेले स्कारबरो ग्रेस रुग्णालय आणि जुने स्कारबरो जनरल रुग्णालय यांची दशकाच्या अखेरीस एक संस्था झाली. याच सुमारास, १ जानेवारी १९९८ रोजी, सहा नगरपालिकांचे विलीनीकरण होऊन आजचे टोरांटो महानगर अस्तित्वात आले. २००१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २४.८ लाख होती.

पुनर्रचनेचा आराखडा कागदावर सुसंगत होता. रुग्णालयातील खाटा कमी करायच्या आणि त्याच वेळी घरपोच शुश्रूषा व दीर्घकालीन शुश्रूषागृहे वाढवायची, असे त्याचे दोन भाग होते. प्रत्यक्षात पहिला भाग लवकर अमलात आला आणि दुसरा मागे पडला. खाट बंद करायला एक आदेश पुरतो. शुश्रूषागृह उभे करायला इमारत, मनुष्यबळ आणि काही वर्षांचा काळ लागतो. या दोन गतींमधील अंतराचा भार अखेर रुग्णालयाच्या एका विभागावर पडला. तो विभाग म्हणजे ज्याला ‘आता जागा नाही’ असे म्हणण्याची सोय नसते तो आपत्कालीन विभाग.

जानेवारी २०००

टोरांटोच्या आपत्कालीन विभागांतील गर्दी पुनर्रचनेच्या काळात लक्षणीयरीत्या वाढली, असे मायकेल शुल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णालयांच्या १० वर्षांच्या नोंदींवरून दाखवून दिले. हिवाळ्यात इन्फ्लुएन्झाच्या साथीबरोबर ही स्थिती अधिक बिकट होई. अनेक रुग्णालये एकाच वेळी ‘बायपास’वर जात. एकाने दार लावले की त्याच्या वाट्याचे रुग्ण शेजारच्या रुग्णालयाकडे वळत, त्यामुळे तेही भरे आणि थोड्या वेळाने तेही दार लावी. अशा वेळी रुग्णवाहिका कोठे न्यावी, हा प्रश्न वैद्यकीय निकषावर न सुटता त्या क्षणी कोणाचे दार उघडे आहे यावर सुटत असे.

जानेवारी २००० मध्ये शहराच्या पूर्व भागात दम्याचा तीव्र झटका आलेल्या एका तरुणाला घेऊन रुग्णवाहिका निघाली. सर्वांत जवळचे रुग्णालय स्कारबरो ग्रेस हे होते. परंतु त्याचा आपत्कालीन विभाग त्या वेळी ‘क्रिटिकल केअर बायपास’वर होता. रुग्णवाहिकेला शहराबाहेरील मार्कम-स्टूफव्हिल रुग्णालयाकडे जावे लागले. त्या तरुणाचे प्राण वाचू शकले नाहीत. या मृत्यूने संपूर्ण प्रांत हादरला. मृत्यूची न्यायिक चौकशी झाली आणि चौकशीच्या ज्यूरीने आपत्कालीन सेवेत व्यापक सुधारणा सुचविल्या. पुढे ‘क्रिटिकल केअर बायपास’ ही पद्धतच मोडीत काढण्यात आली आणि रुग्णाच्या प्रकृतीच्या गांभीर्यानुसार रुग्णालय ठरविण्याची पद्धत आली. अत्यवस्थ रुग्णाला सर्वांत जवळच्या योग्य रुग्णालयात नेलेच पाहिजे, हे तत्त्व पुन्हा प्रस्थापित झाले.

ही सुधारणा निःसंशय आवश्यक होती. पण तिची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. दार बंद करण्याची मुभा काढून घेतल्याने आतील जागा वाढत नाही. रुग्णवाहिकेला दारातून परत पाठवता येत नसल्यामुळे आता ती दारातच खोळंबू लागली. रुग्णाला उतरवून घेण्यासाठी आत रिकामी खाट नसल्याने रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांना स्ट्रेचरजवळ ताटकळत राहावे लागे. प्रश्नाचे स्थान तेवढे बदलले. प्रश्न कायम राहिला.

गर्दीच्या कारणांविषयीचा गैरसमज

या काळात एक समज सर्वत्र प्रचलित होता. सर्दी, खोकला, किरकोळ जखमा घेऊन येणारे लोक आपत्कालीन विभाग अडवून ठेवतात, त्यामुळे खरोखर गंभीर रुग्णांना जागा मिळत नाही, असे मानले जाई. ही मांडणी प्रशासनाला सोयीची होती. कारण तिच्यात दोष नागरिकांच्या सवयीकडे जात होता. नागरिकांना ‘विनाकारण रुग्णालयात येऊ नका’ असे सांगितले की आपले काम झाले, असे तिच्यातून सूचित होत असे.

संशोधनाने या समजाला आधार दिला नाही. शुल, किस आणि स्झालाई यांनी ऑन्टारियोतील आपत्कालीन विभागांच्या २००२-०३ मधील नोंदींचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ तासांच्या अवधीत किरकोळ तक्रारींचे दहा रुग्ण आले, तर इतर रुग्णांचा विभागातील सरासरी मुक्काम केवळ ५.४ मिनिटांनी आणि डॉक्टरांच्या पहिल्या भेटीसाठीचा अवधी २.१ मिनिटांनी वाढतो, असे त्यांना आढळले. किरकोळ आजाराचा रुग्ण खुर्चीवर बसतो, औषध घेतो आणि निघून जातो. तो खाट अडवीत नाही.

खाट अडते ती वेगळ्याच कारणाने. ज्याला दाखल करण्याचा निर्णय झाला आहे, पण ज्याच्यासाठी वरच्या मजल्यावरील कक्षात जागा नाही, असा रुग्ण आपत्कालीन विभागातच स्ट्रेचरवर पडून राहतो. वरच्या कक्षात जागा नसते, कारण तेथील काही रुग्णांचे उपचार संपलेले असूनही त्यांना शुश्रूषागृहात जागा मिळालेली नसते. अशा रीतीने शुश्रूषागृहातील अपुऱ्या जागेचा परिणाम रुग्णालयाच्या कक्षावर, कक्षाचा आपत्कालीन विभागावर आणि अखेर रस्त्यावरील रुग्णवाहिकेवर होतो. रुग्णालयात १०० पैकी १०० खाटा भरलेल्या असणे हे हिशेबाच्या दृष्टीने कार्यक्षमतेचे लक्षण वाटते. परंतु अनपेक्षित रुग्णाच्या दृष्टीने ते धोक्याचे लक्षण असते. रिकामी खाट हा अपव्यय नसून ती एक प्रकारची राखीव शक्ती आहे, ही जाणीव त्या काळच्या नियोजनात दुर्बल होती.

७ मार्च २००३

फेब्रुवारी २००३ च्या उत्तरार्धात हाँगकाँगमधील मेट्रोपोल हॉटेलात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेला एक आजारी डॉक्टर उतरला होता. त्याच्यापासून त्या हॉटेलातील अनेक पाहुण्यांना एका अज्ञात विषाणूचा संसर्ग झाला. त्यांपैकी टोरांटोची एक वृद्ध स्त्री २३ फेब्रुवारीला मायदेशी परतली आणि ५ मार्चला घरीच मरण पावली. तिच्या मुलाला ताप व श्वासाचा त्रास सुरू झाल्याने ७ मार्चला त्याला स्कारबरो ग्रेस रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आणण्यात आले.

त्याला दाखल करण्याचा निर्णय झाला, पण खाट मिळण्यासाठी त्याला १८ तासांच्या आसपास आपत्कालीन विभागातच थांबावे लागले. त्याच्या आणि शेजारच्या रुग्णांच्या मध्ये फक्त पडदा होता. हृदयाच्या व श्वसनाच्या वेगळ्याच तक्रारींसाठी तेथे असलेल्या शेजारच्या दोन रुग्णांना त्या रात्री संसर्ग झाला. हे दोघे घरी गेले, काही दिवसांनी आजारी होऊन पुन्हा रुग्णालयात आले आणि त्यांच्यापासून कुटुंबीय, परिचारिका, डॉक्टर व इतर रुग्ण यांच्यापर्यंत साखळी वाढत गेली. त्यांपैकी एकाला यॉर्क सेंट्रल रुग्णालयात हलविण्यात आल्याने साथ तेथेही पोहोचली. पहिल्या रुग्णाचा १३ मार्चला मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने या अनोळखी न्यूमोनियाविषयी जगाला सावध केले होते, ते त्याच्या आदल्या दिवशी, १२ मार्चला.

याच ७ मार्च रोजी व्हँकुव्हर जनरल रुग्णालयातही मेट्रोपोल हॉटेलात राहून आलेला एक रुग्ण आला होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या रोगनियंत्रण केंद्राने आशियातील संशयास्पद तापाविषयी रुग्णालयांना आधीच सूचना दिली होती. त्यामुळे त्या रुग्णाला तत्परतेने वेगळे ठेवण्यात आले आणि व्हँकुव्हरमध्ये मोठी साथ पसरली नाही. दोन शहरांच्या या तुलनेत योगायोगाचा भाग नाही असे नाही. तसेच टोरांटोतील प्रसाराचे खापर केवळ गर्दीवर फोडणेही योग्य होणार नाही. सूचना वेळेवर न मिळणे हे तितकेच महत्त्वाचे कारण होते. तथापि सूचना नसतानाही पहिली रात्र त्या रुग्णाने स्वतंत्र खोलीत काढली असती, तर शेजारच्या खाटांपर्यंत विषाणू पोहोचण्याची शक्यता फारच कमी झाली असती. आपत्कालीन विभागाचे प्रतीक्षाकक्षात व तात्पुरत्या वॉर्डात झालेले रूपांतर हे १९९० च्या दशकाचे देणे होते.

शहरभर बंद

२३ मार्च २००३ रोजी स्कारबरो ग्रेस रुग्णालयाने आपला आपत्कालीन विभाग व अतिदक्षता विभाग बंद केला. तीन वर्षांपूर्वी ज्या विभागाने जागा नाही म्हणून रुग्णवाहिकेसाठी दार लावले होते, तोच विभाग आता संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून बंद होत होता. त्या महिन्यात रुग्णालयात येऊन गेलेल्यांना दहा दिवस घरीच राहण्यास सांगण्यात आले. २६ मार्चला ऑन्टारियोत प्रांतव्यापी आणीबाणी जाहीर झाली. ती जाहीर करणारे प्रांतप्रमुख अर्नी ईव्हज होते. १९९५ मध्ये अर्थमंत्री म्हणून रुग्णालयांच्या अनुदानातील कपात त्यांनीच जाहीर केली होती. त्यानंतर बृहन्टोरांटो परिसरातील सर्व रुग्णालयांत ‘कोड ऑरेंज’ लागू झाला. अत्यावश्यक नसलेल्या सेवा स्थगित झाल्या, भेटीस येणाऱ्यांवर निर्बंध आले. २८ मार्चला यॉर्क सेंट्रल रुग्णालयही बंद करावे लागले. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलविण्यापूर्वी परवानगी घेण्यासाठी प्रांतिक केंद्र स्थापन झाले.

या बंदची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर शुल व सहकाऱ्यांच्या २००७ मधील दुसऱ्या एका अभ्यासातून मिळते. निर्बंधांच्या काळात टोरांटोत नियोजित शस्त्रक्रियांचे प्रमाण सुरुवातीला २२ टक्क्यांनी घटले, ही गोष्ट अपेक्षित होती. परंतु आपत्कालीन विभागांत येणाऱ्या गंभीर रुग्णांचे प्रमाणही ३७ टक्क्यांनी घटले आणि शहराच्या सभोवतालच्या परिसरात रुग्णालयांमधील स्थलांतर ४४ टक्क्यांनी कमी झाले. काही तीव्र व गंभीर आजारांसाठी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण १५ ते २१ टक्क्यांनी खाली आले. गंभीर आजार त्या महिन्यांत शहरातून नाहीसे झाले होते, असे मानता येत नाही. रुग्ण रुग्णालयापर्यंत आले नाहीत. ज्यांची दारे उघडी होती त्यांच्याही दारात पाऊल ठेवायला लोक घाबरले. बंद दरवाजाचा परिणाम त्या दरवाजापुरता मर्यादित राहत नाही, तो उघड्या दरवाजांवरही होतो, हा या काळाचा एक महत्त्वाचा धडा होय.

१७ मे रोजी आणीबाणी उठविण्यात आली आणि खबरदारीचे नियम शिथिल झाले. मात्र नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयात साथ अज्ञातपणे सुरूच होती. काही रुग्णांविषयी तेथील परिचारिकांनी शंका व्यक्त केली होती. तिची योग्य दखल घेतली गेली नाही, असे पुढे चौकशीत नमूद झाले. २३ मे रोजी हे रुग्णालयही नव्या रुग्णांसाठी बंद करावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने टोरांटोचे नाव बाधित भागांच्या यादीतून अखेर २ जुलै २००३ रोजी वगळले. तोपर्यंत शहराच्या आरोग्य विभागाने २३ हजारांहून अधिक व्यक्ती विलगीकरणासाठी निश्चित केल्या होत्या. कॅनडात या साथीने ४४ बळी घेतले. मृतांत दोन परिचारिका व एक डॉक्टर होते. बाधितांपैकी बहुसंख्य व्यक्तींना संसर्ग आरोग्यसंस्थांमध्येच झाला होता.

चौकशी आणि नंतरचा काळ

साथीनंतर डेव्हिड नेलर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने ऑक्टोबर २००३ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर २००४ मध्ये कॅनडाची सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली. ऑन्टारियोत न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाचा अंतिम अहवाल जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रीय पुरावा पूर्ण होईपर्यंत सुरक्षेचे उपाय थांबवून ठेवू नयेत, या तत्त्वावर न्यायमूर्ती कॅम्पबेल यांनी विशेष भर दिला.

या शिकवणीचा काही उपयोग झाला का, याचे उत्तर १७ वर्षांनी मिळाले. २३ जानेवारी २०२० रोजी कॅनडातील कोविड-१९ चा पहिला रुग्ण टोरांटोच्याच सनीब्रुक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आला. कर्मचारी संरक्षक पोशाखात होते, रुग्णाला तत्काळ वेगळे ठेवण्यात आले आणि त्या विभागात संसर्ग पसरला नाही. आपत्कालीन विभाग बंद करावा लागला नाही. या दिवसाची नोंद ७ मार्च २००३ च्या शेजारी ठेवून वाचली पाहिजे. एक स्वतंत्र खोली आणि वेळेवर मिळालेली सूचना यांचे मोल काय असते, ते या दोन नोंदींमधील फरकावरून कळते.

अर्थात सर्वच शिकवण टिकली असे म्हणता येत नाही. जुलै २०२२ ते जून २०२३ या वर्षभरात ऑन्टारियोतील २३ रुग्णालयांचे आपत्कालीन विभाग एकूण २०३ वेळा अनियोजितपणे बंद राहिल्याचे प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२३ च्या अहवालात नोंदविले. हे बंद प्रामुख्याने महानगराबाहेरील लहान रुग्णालयांत घडले आणि त्यांचे मुख्य कारण परिचारिका व डॉक्टर यांचा तुटवडा हे होते. पहिल्या वेळी खाटा नव्हत्या, दुसऱ्या वेळी खोल्या नव्हत्या, तिसऱ्या वेळी माणसे नव्हती.

हा अनुभव केवळ कॅनडापुरता नाही. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील काही खासगी रुग्णालये कर्मचाऱ्यांना कोविडचा संसर्ग झाल्याने तात्पुरती बंद करावी लागली. त्या काळात अन्य आजारांच्या रुग्णांना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयाकडे धाव घ्यावी लागल्याच्या बातम्या मुंबईकरांच्या स्मरणात आहेत. दोन्ही शहरांची आरोग्यव्यवस्था, लोकसंख्या व आर्थिक स्थिती भिन्न आहे. त्यामुळे तुलना सावधपणेच केली पाहिजे. तरीही नियोजनात राखीव क्षमता नसेल तर संकटाच्या काळात प्रथम आपत्कालीन सेवेचेच दार बंद होते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी समान दिसते.

समारोप

टोरांटोच्या या इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, आपत्कालीन विभाग बंद होण्याचे मूळ क्वचितच त्या विभागात असते. ते वरच्या मजल्यावरील कक्षात, शुश्रूषागृहात आणि अर्थसंकल्पात असते. दुसरा, गर्दी व संसर्ग ही दोन स्वतंत्र संकटे नाहीत. जानेवारी २००० मधील बंद दरवाजा आणि मार्च २००३ मधील बंद दरवाजा एकाच रुग्णालयाचे होते, हा योगायोग असेल. पण दोन्हींच्या मागे आपत्कालीन विभागात खाटेची वाट पाहणाऱ्या रुग्णांची तीच रांग होती, हा योगायोग नव्हे. तिसरा, दार बंद करण्यास मनाई करणारा नियम आवश्यक असला तरी पुरेसा नसतो. दार उघडे ठेवायचे असेल तर आत जागा ठेवावी लागते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट जाणवते. १९९५ मधील अनुदान-कपातीचे आकडे तत्काळ अर्थसंकल्पात दिसले. तिची किंमत मात्र पाच व आठ वर्षांनी, वेगळ्या शीर्षकाखाली आणि वेगळ्या माणसांकडून वसूल झाली. रिकाम्या खाटेवरील खर्च दरवर्षी हिशेबात दिसतो. ती नसल्याने होणारा खर्च एखाद्याच रात्री दिसतो आणि त्या रात्री तो भरून काढण्यास फार उशीर झालेला असतो.